तिसरा रकाना

रूथताई साळवे गेल्यानंतर आठव्या दिवशी त्यांच्या संस्थेच्या वेबसाइटवर श्रद्धांजली आली. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी ती टाकली आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मजकूर चार वाक्यांचा होता. मी तो तीनदा वाचला. पहिलं वाक्य बरोबर आहे: प्रा. रूथ साळवे यांनी नोएडातल्या या व्यवस्थापन संस्थेत बावीस वर्षं ‘ज्ञान व्यवस्थापन’ हा विषय शिकवला. दुसरं म्हणतं की त्यांनी शेकडो कारागिरांचं ज्ञान संस्थेच्या डिजिटल भांडारात जतन केलं. तिसरं म्हणतं की संस्थेने त्यांना भावपूर्ण निरोप दिला. चौथं म्हणतं की त्या शांत आणि सगळ्यांना सांभाळून घेणाऱ्या होत्या. ही तिन्ही चूक आहेत.

मी एकोणतीस वर्षं केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यात आहे. चारात तीन चुका असलेला कागद मी सही करून पुढे पाठवत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

चौथ्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते तपासायला सगळ्यात सोपं आहे.

सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही मयूर विहारच्या सोसायटीत आलो तेव्हा डिसेंबर होता. सामान अजून खोक्यांत होतं. चौथ्या रविवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात सुती साडी, खाली जाड तळव्यांचे पळायचे बूट, कानामागे पेन्सिल आणि हातात झाकलेलं ताट. ताटात करंज्या होत्या. माझ्या बायकोने, नीलिमाने, जरा गोंधळून विचारलं, “दिवाळीच्या का?”

“दिवाळीच्या असत्या तर आतापर्यंत खवट झाल्या असत्या. नाताळच्या आहेत. आमच्या नगरकडे ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या होतात. इथे सगळे केक मागतात. मी देत नाही.”

मग त्या आत येऊन एका खोक्यावर बसल्या आणि मला म्हणाल्या, “तुम्हाला काय येतं?”

मी माझं पद सांगितलं, खातं सांगितलं.

“ते दारावरची पाटी वाचून कळलं असतं. येतं काय?”

हा प्रश्न मला नोकरीच्या मुलाखतीतही कुणी विचारला नव्हता. शेवटी म्हणालो, “आकड्यांचा तक्ता समोर आला की त्यात कुठे खोटं आहे ते मला कळतं. बेरीज बरोबर असली तरी.”

“कसं कळतं?”

“ते नाही सांगता येत. एखादा आकडा जरा जास्तच गुळगुळीत वाटतो.”

“मग तुम्ही माझ्या कामाचे आहात,” त्या म्हणाल्या आणि आणखी एक करंजी माझ्या ताटलीत टाकली.

हा प्रश्न त्या सगळ्यांना विचारत. सोसायटीच्या गार्डला, डॉक्टरला, माझ्या कार्यालयातून घरी आलेल्या माझ्या वरिष्ठांना. वरिष्ठांना उत्तर देता आलं नाही. रूथताई त्यांना म्हणाल्या, “असू द्या, घाई नाही, पुढच्या वेळी सांगा.” पुढच्या वेळी ते आमच्याकडे आले नाहीत. सगळ्यांना सांभाळून घेणं म्हणजे हे असेल तर चौथ्या वाक्यावरचा आक्षेप मी मागे घेतो.

त्यांच्या विषयाचं नाव त्यांनाच आवडत नसे. “ज्ञानाचं कसलं व्यवस्थापन?” त्या म्हणत. “ज्याला येतं त्याच्याशी नीट वागायचं. विषय संपला. बाकीचं सेमेस्टर भरायला आहे.” विद्यार्थ्यांसाठी त्यांनी इंग्रजीत एक पाठ्यपुस्तक लिहिलं होतं. पहिल्या आवृत्तीची पानं तीनशे बारा. दुसऱ्या आवृत्तीची दोनशे एक्केचाळीस. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं छपाईत काही राहून गेलं. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, “ज्याची खात्री उरली नाही ते काढलं.” तिसरी आवृत्ती आली असती तर मला वाटतं ती दोनशेच्या आत गेली असती. लिहायच्या पेन्सिलनेच. पेनने लिहिलं की माणूस आपल्याच वाक्याची बाजू घ्यायला लागतो, असं त्यांचं मत होतं.

पण त्यांचं खरं काम पुस्तकात नव्हतं. त्यांच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला सहा आठवडे एका काम करणाऱ्या माणसाशेजारी बसावं लागे. रजाई भरणारा, लिफ्ट दुरुस्त करणारा, रक्त काढणारी नर्स, छापखान्यात शाई मिसळणारा, कुणीही. त्या माणसाला जे येतं आणि जे कुठेच लिहिलेलं नाही, ते हाताने लिहायचं. एकच प्रत. मग तो कागद त्याच माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचा. त्याला जे नको असेल ते तो काटायला सांगणार. शेवटी गुण तोच देणार, दहापैकी. खाली एक छापील ओळ असे, ‘मुझसे पूछे बिना किसी और को न दिखाया जाए’, आणि त्याखाली सही किंवा अंगठा.

मी एकदा सुट्टी घेऊन त्यांच्या वर्गात मागे बसलो होतो. करीमभाई म्हणून एक रजाई भरणारे आले होते. एका मुलाने त्यांच्यावर अकरा पानं लिहिली होती. पिंजायच्या धनुष्याच्या आवाजावरून कापूस किती सुटला ते त्यांना कळायचं. मुलगा वाचत होता, करीमभाई डोळे मिटून ऐकत होते. सातव्या पानावर त्यांनी हात वर केला.

“ये वाला काट दो बेटा.”

मुलगा कळवळला. “अंकल, यही तो सबसे अच्छा है.”

“इसी लिए. ये मेरे लड़के का है.”

मुलाने रूथताईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “पेन्सिल उठाओ.” अर्धं पान गेलं. करीमभाईंनी त्याला नऊ गुण दिले. पुढे संस्थेच्या तपासणीला बाहेरची समिती आली, तेव्हा एका सदस्याने तेच पान उघडून विचारलं की इथे हे असं काय काटलंय. रूथताईंनी सांगितलं, “सर, पूरी अलमारी में सबसे भरोसे का पन्ना यही है. इससे पता चलता है कि बाकी पन्ने उन्होंने मर्ज़ी से रहने दिए.” ही गोष्ट मला त्यांनी नाही, समितीतल्या त्या सदस्यानेच पुढे सांगितली. तो आमच्या खात्यातून निवृत्त झालेला होता. अजून चिडलेला होता.

बावीस वर्षांत असे तीनशे शहाऐंशी कागद जमले. त्यांच्या खोलीत दोन पोलादी कपाटं होती.

निवृत्तीला एक वर्ष उरलं असताना नवे संचालक आले. ते काही वाईट गृहस्थ नव्हते, हे नमूद करतो. त्यांनी एका कंपनीशी बोलणं केलं. सगळे कागद संगणकात घालायचे आणि त्यातून एक उत्तरं देणारा प्रोग्राम तयार करायचा. कुणीही फोनवर विचारावं की रजाईत कापूस किती भरायचा, शाईत काळा किती टाकायचा, आणि उत्तर यावं. संस्थेचं नाव झालं असतं. रूथताईंचा विषय कधी नव्हे तो चर्चेत आला असता, आणि त्यांना निवृत्तीनंतर पाच वर्षांची मुदतवाढही मिळाली असती. संचालकांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. रूथताईंना ती मुदतवाढ हवी होती. त्या एकट्या होत्या आणि वर्ग सोडून त्यांना दुसरं काही सुचत नसे. तो अभ्यासक्रम त्यांच्याशिवाय कुणी चालवणार नाही, हेही त्यांना माहीत होतं.

त्या म्हणाल्या, “सर, अलमारी आपकी है. काग़ज़ उनके हैं.”

“मॅडम, ये लोग कल नहीं रहेंगे. सब उनके साथ ख़त्म हो जाएगा.”

“हो सकता है. उनका है, तो ख़त्म करने का हक भी उनका.”

हे त्यांनी त्याच संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून सांगितलं. मला मनातून संचालकांचं थोडं पटलं होतं. मी तसं म्हणालो. रूथताईंनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. “पटू दे ना. मलाही थोडं पटतं. म्हणून तर ज्यांचे कागद आहेत त्यांना जाऊन विचारायचं. नुसतं आपल्याला पटून काय होतं?”

मग दोन महिने विचारणं चाललं. त्या आणि त्यांचे चार जुने विद्यार्थी दर रविवारी त्यांच्या घरी जमत आणि कागदांवरचे फोन नंबर फिरवत. बरेच नंबर बंद होते, काही दुसऱ्याच कुणाचे झाले होते. तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं. मी ते आवडीने केलं. एकसष्ट जण हो म्हणाले. ब्याऐंशी जण नाही म्हणाले. दोनशे त्रेचाळीस सापडलेच नाहीत. मी तीन रकाने आखले: होकार, नकार, हरकत नाही. सापडले नाहीत ते तिसऱ्यात टाकले. आमच्या कार्यालयात एकोणतीस वर्षं हेच चालत आलं आहे. अमुक तारखेपर्यंत उत्तर न आल्यास हरकत नाही असं समजलं जातं. माझ्या हाताला ते इतकं सवयीचं होतं की मी लिहिताना थांबलोसुद्धा नाही.

संचालकांच्या कार्यालयातून दोनदा फोन आला होता, म्हणून हिंदी तक्ता मी त्या दुपारीच ईमेलने पाठवून दिला. ‘आपत्ति नहीं: २४३.’ मराठी कच्चा कागद टेबलावर पडला होता. संध्याकाळी रूथताई आल्या. त्या चष्मा शोधत होत्या, तेवढ्यात आमच्या मुक्ताने तो कागद उचलला. मुक्ता कॉलेजात आहे, दिल्लीत वाढलेली. मराठी बोलते, पण वाचताना तिच्या डोक्यात हिंदी असते.

“बाबा, ये क्या है? दोनशे त्रेचाळीस लोकांनी कोई हरकत नहीं की? म्हणजे ते हलले पण नाही?”

मी हसलो. हिंदीत हरकत म्हणजे हालचाल, मराठीत आक्षेप, हे तिला समजावून सांगायला लागलो. रूथताई हसल्या नाहीत.

“थांबा. तिने बरोबर वाचलंय. ती माणसं हललेलीच नाहीत. त्यांना कुणी विचारलंच नाही.” त्यांनी कागद हातात घेतला. “पाठकसाहेब, तुम्हाला तक्त्यात खोटं कुठे आहे ते कळतं ना?”

मी पाहिलं. एकसष्ट अधिक दोनशे त्रेचाळीस, तीनशे चार. तीनशे शहाऐंशीत तीनशे चार बाजूने. पाचातले जवळजवळ चार. किती गुळगुळीत आकडा होता तो. मीच केलेला होता आणि मलाच दिसला नव्हता.

“पाठवला का?” त्यांनी विचारलं.

“दुपारीच.”

नीलिमा पोळ्या लाटायची थांबली. रूथताईंनी कानामागची पेन्सिल काढली, ‘हरकत नाही’वर एक रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘विचारलं नाही’. आकडा तोच ठेवला.

“परवा बैठक आहे. तुम्ही चला. चूक तुमची आहे, तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर म्हणतील बाई शब्द फिरवते.”

मी रजा टाकून नोएडाला गेलो. लांब टेबल, सात माणसं, समोर पाण्याच्या बाटल्या. माझा तक्ता प्रत्येकापुढे छापून ठेवलेला. संचालक आनंदात होते. म्हणाले, इतका मोठा पाठिंबा मिळेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. मी उभा राहिलो आणि हिंदीत सांगितलं की तिसरा रकाना चुकीचा आहे, चूक माझी आहे, ती माणसं सापडलेलीच नाहीत. बाजूने फक्त एकसष्ट आहेत. सहावा हिस्साही भरत नाही.

“लेकिन पाठक साहब,” संचालक समजुतीने म्हणाले, “सरकारी तरीक़ा तो यही है ना? जवाब नहीं आया, मतलब आपत्ति नहीं.”

“जी, तरीक़ा यही है,” मी म्हणालो. “ग़लत है.”

माझ्या नोकरीत मी एवढं लहान आणि एवढं महाग वाक्य बोललेलो नाही. पण त्या दिवशी माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, कारण रूथताईंनी कपाटांच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या होत्या.

“अलमारी में इकसठ काग़ज़ हैं सर. वो आपके. जिन्होंने मना किया, उनके लौटा दिए. जिनसे पूछा नहीं गया, उनसे पूछने मैं जा रही हूँ. पढ़कर सुनाना पड़ता है, इसलिए काग़ज़ साथ ले जा रही हूँ.”

एक सदस्य म्हणाले, “मॅडम, ये संस्था की संपत्ति है.”

“हर काग़ज़ के नीचे एक लाइन छपी है. छपवाई संस्था ने है. पढ़ लीजिए.”

कुणी वाचलं नाही. सगळ्यांना ती ओळ पाठ असावी. संचालक म्हणाले, “मॅडम, फिर एक्सटेंशन की बात मैं आगे नहीं रख पाऊँगा.”

“मत रखिए,” रूथताई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता. परतताना आम्ही मेट्रोने मयूर विहारला आलो. उतरताना म्हणाल्या, “सोमवारी माझा शाईवरचा तास आहे. पुढच्या वर्षी तो कुणी घेणार नाही.”

दुसरं वाक्य चूक आहे ते असं. तिसऱ्याबद्दल थोडक्यात सांगतो. संस्थेने त्यांना खुलासा मागणारं पत्र पाठवलं. त्यांनी उत्तरादाखल एका कागदाच्या खालच्या ओळीची छायाप्रत पाठवली, त्यावर एक शब्द न लिहिता. प्रकरण तिथेच थांबलं. पुढच्या सत्रापासून तो अभ्यासक्रम बंद झाला. शेवटच्या दिवशी त्यांनी स्वतःच खोलीच्या दारावरची पाटी स्क्रू काढून उतरवली आणि रिक्षाने घरी आल्या. निरोप समारंभाच्या पत्रिकेवर त्यांचं नाव होतं. त्या गेल्या नाहीत. कारण विचारलं तर म्हणाल्या, “मला विचारलं नव्हतं. नुसतं कळवलं होतं.”

मग दोन वर्षं त्यांचा एकच उद्योग. पिशवीत चारपाच कागद, पायात ते बूट, आणि सीलमपूर, गाझियाबाद, नांगलोई, कुठे कुठे पत्ते शोधत जाणं. माणूस मेलेला असला तर मुलाला विचारत. मुलगा सापडला नाही तर कागद परत पिशवीत. एखादा नाही म्हणाला तर कागद त्याच्याच हातात देत. हो म्हणाला तर सगळं विचारून झालं की संस्थेला एकदम द्यायचा म्हणून घरी बाजूला ठेवत. करीमभाईंचा कागद त्यांच्या मुलाने घेतला. काटलेलं अर्धं पान त्याने उन्हाकडे धरून पाहिलं, म्हणाला, “ये तो अब्बा ने मुझे भी नहीं बताया.” रूथताई हे सांगून खूप हसल्या, आणि मग एकदम म्हणाल्या, “हे माझ्या पुस्तकात कुठेच नाही हो.”

दर फेरीनंतर मला फोन यायचा. हॅलो नाही, काही नाही. नुसता तिसऱ्या रकान्याचा उरलेला आकडा. “दोनशे अकरा.” “एकशे नव्वद.” मी टिपून घ्यायचो आणि फोन ठेवायचो. शेवटी आकडा एकशे चार होता. ते एकशे चार कागद आता त्यांच्या त्या चार विद्यार्थ्यांनी वाटून घेतले आहेत, सव्वीस-सव्वीस. तेव्हा संस्थेच्या भांडारात एकसष्ट कागद आहेत. ‘शेकडो’ या शब्दाला एकसष्ट पुरत नाहीत. श्रद्धांजली दुरुस्त करावी असं मी संस्थेला कळवलं आहे. उत्तर आलेलं नाही. त्यांची हरकत नाही असं मी समजत नाही.

त्या जाण्याच्या तीन आठवडे आधीची गोष्ट. मी आणि नीलिमा सरोजिनी नगरच्या बाजारात मुक्तासाठी स्वेटर बघायला गेलो होतो. जुन्या क्वार्टरच्या बाजूची गल्ली, जिथे घेतलेले कपडे तिथल्या तिथे बेतून देणारे शिंपी बसतात. एका म्हाताऱ्या शिंप्याच्या मशीनजवळ लोखंडी स्टुलावर रूथताई बसल्या होत्या. मागे दुकानदार दोनशे रुपये, दोनशे रुपये ओरडत होते, आणि त्या त्यांच्याहून वरच्या आवाजात कागद वाचत होत्या. हा माणूस टेप न लावता, गिऱ्हाईक चालत येतं तेवढ्यात त्याचं माप घेतो, असं काहीतरी त्यात होतं. शिंप्याने पाय थांबवला.

“मॅडम, ये अब नहीं करता. चश्मा लग गया है.”

“तो काट दूँ?”

त्याने विचार केला. “काटिए मत. ‘है’ की जगह ‘था’ कर दीजिए.”

त्यांनी पेन्सिलीच्या मागच्या रबराने खोडलं, फुंकर मारली आणि लिहिलं. मग शेवटपर्यंत वाचून दाखवलं आणि प्रोग्रामचं सगळं सांगितलं, कंपनी कोणती, कोण विचारेल, कोणाला उत्तर मिळेल. म्हणाल्या, “अब बताइए. दिखाऊँ या नहीं?”

“सोचने दीजिए.”

“सोचिए. मैं बैठी हूँ.”

त्याने पुन्हा मशीन चालू केलं. नीलिमा म्हणाली, “अहो, हाक मारा ना.” मी म्हणालो, “नको. विचारणं चाललंय.”

स्वेटर मिळायला वेळ लागला. चाळीस मिनिटांनी आम्ही त्याच गल्लीतून परत आलो. शिंपी एका पँटची शिलाई उसवत होता. रूथताई त्याच स्टुलावर होत्या, कागद मांडीवर, पेन्सिल कानामागे, बूट जमिनीवर घट्ट टेकलेले. त्याने अजून उत्तर दिलं नव्हतं.